मुठीतलं हाड

सुरीचा विषय निघाला की सगळे पात्याबद्दलच बोलतात. पोलाद कसलं, पाणी नीट बसलंय का, धार किती टिकते. मुठीकडे लक्ष जातं ते ती हलायला लागल्यावर. आणि आमच्या देवगड-मालवणच्या पट्ट्यात मुठी हलतातच. पावसाळ्यात धो धो पाणी कोसळतं, त्यात लाकूड फुगतं. ऑक्टोबरच्या उन्हात तेच आकसतं. मधे जी फट पडते तिच्यात बांगड्याचं पाणी, मीठ, खवले जातात आणि मुठीत शिरलेलं पात्याचं शेपूट आतल्या आत गंजत राहतं. वरून सुरी ठणठणीत दिसते. मग एखाद्या दिवशी सुरमईच्या मणक्यावर जरा जोर दिला की पातं एकीकडे आणि मूठ एकीकडे. प्लास्टिकच्या मुठीचं असं होत नाही, मान्य. पण माशाच्या बुळबुळीत हातात ती थांबत नाही, शिवाय मला ती आवडत नाही. दुसरं कारण जास्त खरं.

हाडाची मूठ ही काही माझी अक्कल नाही. इंग्लंडात शेफील्डच्या सुरीवाल्यांनी गुरांच्या नडगीच्या हाडाच्या मुठी पिढ्यान् पिढ्या बसवल्या. उत्तर प्रदेशात संभलजवळच्या सराय तरीनमध्ये आजही शिंग आणि हाडाचं काम चालतं. आपल्याकडे विजयदुर्गात शिंगाच्या वस्तू करायची जुनी परंपरा आहे. मला नाद लागला तो तिथलं शिंगकाम बघून, पण हातात आलं हाड, आणि ही दोन द्रव्यं अगदी वेगळी निघाली. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांतलंच. गरम केलं की नरम पडतं, दाबून सपाट करता येतं, वाकवता येतं. हाड असलं काही ऐकून घेत नाही. त्याच्या वजनाचा साधारण 60 ते 70 टक्के भाग खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. उरलेल्यात पाणी आणि कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन. खनिजामुळे हाड कडक राहतं, कोलॅजनमुळे ते फुटत नाही. मुठीसाठी दोन्ही शाबूत हवीत. हाड तयार करायचं म्हणजे त्यातलं बाकी सगळं बाहेर काढायचं आणि या दोघांना धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच काम. दिवस मात्र खूप खातं.

आधी हाड कुठलं, ते सांगते. मटणाच्या दुकानातली बोकडाची नळी आपण सगळेच ओळखतो, ताटावर आपटून आपटून आतला मगज काढणारेही घरोघरी आहेत. पण ती बारीक आणि पातळ. तिची फार तर पेन्सिल तासायच्या चाकूची मूठ होईल. खरं कामाचं हाड म्हशीच्या किंवा रेड्याच्या पायाचं, गुडघ्याखालचं आणि खुराच्या वरचं. त्यावर मांस जवळजवळ नसतंच, नुसती कातडी आणि शिरा, म्हणून खाणाऱ्यांना त्याचं काही पडलेलं नसतं. ते सरळ असतं, भिंत चांगली जाड असते, आणि पुढच्या बाजूला लांबलचक एक बारीक खोबण असते. ही दोन हाडं जुळून झालेल्या एका हाडाची खूण. मूठ घडवताना ती खोबण ठेवायची की घासून टाकायची यावर माझं मत दर वेळी बदलतं.

म्हशीचंच का, तर महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हैस-रेडा त्यात येत नाहीत. परवान्याच्या दुकानातून, कुठल्या जनावराचं ते विचारून हाड घ्यायचं, हा माझा नियम. दुसरा नियम सांबरशिंगाचा. ‘जुन्या घरात माळ्यावर पडलंय, त्याची मूठ करून दे’ असं सांगणारे भेटतात. सांबर आणि चितळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. शिंग आपोआप गळून रानात पडलेलं असलं तरी ते आपलं होत नाही. त्यामुळे नाही म्हणजे नाही. लोकांना वाटतं मी उगाच भाव खाते.

तिसरा नियम मी सर्वात कडक पाळते. रस्त्याकडेला, माळावर, व्हाळात म्हणजे ओढ्यात सापडलेलं हाड उचलायचं नाही. उन्हापावसात पांढरं झालेलं, आयतं साफ दिसणारं हाड फार मोहात पाडतं. पण ते जनावर कशानं मेलं ते कोणाला ठाऊक? गुरांना फाशी नावाचा रोग होतो, इंग्रजीतला अँथ्रॅक्स. त्याचे जिवाणू बीजरूपानं वर्षानुवर्षं मातीत आणि हाडात तग धरतात. असं हाड करवतीखाली धरायचं आणि त्याची धूळ नाकात घ्यायची, यापेक्षा लाकडाच्या मुठी काय वाईट?

पहिल्यांदा पिशवी घेऊन घरी आले तेव्हा सासूबाई पडवीत होत्या. पिशवीत डोकावल्या. ‘‘काय गो, ही हाडां घरात कित्याक हाडलंस? वाडीत कुत्रे काय कमी आसत?’’ मूठ करायची म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते लिहिण्यात येणार नाही. मागच्या पडवीच्या पुढे हाड येणार नाही या अटीवर तह झाला, तो अजून लागू आहे.

साफ कसं करायचं? ज्याला विचाराल तो सांगेल, उकळव की टोपात. हाडाचं सगळ्यात जास्त वाटोळं इथेच होतं. पायांचा रस्सा रात्रभर राहिला की सकाळी थरथरतो, ते थरथरणारं जे काही आहे ते हाडाशिरांतलं कोलॅजन. उकळून उकळून त्याचं जिलेटिन होऊन पाण्यात उतरलेलं. खाणाऱ्याला ते हवंच असतं. पण मुठीच्या हाडातून ते गेलं तर मागे राहतो खडू. असं हाड दिसायला पांढरंशुभ्र असतं, आणि स्क्रूच्या भोकाजवळ टिचकन तडा देतं. म्हणून मी आधी दोन्ही टोकांची जाडजूड बोंडं करवतीनं उडवते. तिथलं हाड आतून स्पंजासारखं जाळीदार असतं, मूठ त्याची होत नाही आणि बरीचशी चरबी तिथेच दडलेली. मग सळईनं आतला मगज ढकलून काढायचा, बाहेरच्या शिरा बोथट सुरीनं खरवडायच्या, आणि चुलीच्या मंद आचेवर, पाणी वाफाळेल पण बुडबुडे येणार नाहीत अशा बेतानं, चिकटलेलं सुटेल इतकाच वेळ ठेवायचं. उरलंसुरलं परसातल्या मुंग्या खातात. त्यांना बोलवावं लागत नाही. जाळीखाली झाकून वर दगड मात्र ठेवावा लागतो, नाहीतर सासूबाईंनी म्हटलेले कुत्रे येतात.

काही जण हाड मातीत पुरतात. आमच्या जांभ्याच्या मातीत लोह इतकं, की पुरलेलं हाड विटकरी होऊन वर येतं आणि तो रंग घासून जात नाही, आत मुरलेला असतो. मुद्दाम करायचा असेल तर सुंदर. नको असेल तर मात्र काही इलाज नाही.

इथपर्यंतचं काम कोणीही करेल. मूठ टिकणार की नाही ते पुढे ठरतं, चरबीत. मांस गेलं, मगज गेला, हाड कोरडं दिसायला लागलं तरी भिंतीच्या आतल्या बारीक नळ्यांमधे चरबी बसलेली असते. ती काढायला ना हत्यार लागतं ना कसब. बादली, ऊन पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण. मी काळी बादली वापरते आणि मार्च ते मेच्या उन्हात माडाच्या सावलीबाहेर ठेवते. दुपारी पाण्यात हात घालवत नाही इतकं ते आपोआप तापतं. दोन-तीन दिवसांत पाणी गढूळतं, कडेला पिवळट कडं धरतं, वर चरबीचे डोळे तरंगतात. ओतायचं, नवं पाणी, नवा साबण. पुन्हा कडं. पुन्हा ओतायचं. हे आठवडेच्या आठवडे चालतं, एखादं जाड हाड अख्खा उन्हाळा खातं. काही कारागीर अ‍ॅसिटोन वापरतात, काम लवकर होतं. पण चुलीच्या घरात, कौलाखाली, मे महिन्यात मी तो धंदा करणार नाही.

पाणी स्वच्छ राहायला लागलं म्हणून चरबी गेली असं समजायचं नाही. हाड सावलीत चांगलं सुकवायचं, मग वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट गुंडाळून एक दिवस उन्हात ठेवायचं आणि संध्याकाळी कागद उलगडून उजेडासमोर धरायचा. भज्यांच्या पुडीसारखा पारदर्शक डाग दिसला की हाड परत बादलीत. खुद्द हाडावरही कळतं. चरबी असलेली जागा जरा पिवळट, अर्धपारदर्शक, ओली असल्यासारखी दिसते, आणि गेलेली जागा दुधाळ, कोरडी. एकाच हाडावर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, मधली सीमा बोटानं आखता यावी इतकी स्पष्ट. दर आठवड्याला ती सीमा थोडी सरकते. ती बघत बसणं हे या कामातलं माझं सगळ्यात आवडतं सुख आहे आणि घरात ते कोणालाही समजावता आलेलं नाही.

चरबीचा एवढा बाऊ कशाला, तर चरबीवर काहीच चिकटत नाही. आज बसवलेली मूठ दिवाळीपर्यंत छान राहील, आणि पुढच्या पावसाळ्यात आतून झिरपलेली चरबी अराल्डाइटचा, म्हणजे मूठ चिकटवायच्या गोंदाचा, थर हळूच सोडवेल. वर खवट वास, आणि दमट हवेत बुरशी. बाजारातल्या कित्येक हाडाच्या मुठी दुकानात चकाकतात आणि घरी येऊन पिवळ्या पडतात, त्याच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. बादलीचे आठवडे कोणीतरी वाचवलेले असतात.

पांढरं करायचा मोह तर सगळ्यांनाच होतो. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात सौम्य करून वापरलं तर चालतं. ब्लीचिंग पावडरीचं पाणी किंवा फरशीवरचं ब्लीच अजिबात नको, ते कोलॅजनलाच खातं आणि हाड पुढे कधीतरी पापुद्रे सोडतं. मी बहुतेक वेळा पांढरं करतच नाही. धुतलेल्या हाडाचा मूळचा सायीचा रंग काय वाईट आहे? उलट मला गडद रंग आवडतात. चहाचं कडक पाणी चांगलं मुरतं, काताचं त्याहून चांगलं. कात चिपळूण भागात खैराच्या लाकडापासून करतात, तो आणून पाण्यात विरघळवला की लालसर तपकिरी रंग येतो. त्याच पाण्यात गंजके खिळे टाकले की रंग काळपटाकडे झुकतो. परदेशी खिशातल्या चाकूंवर खाचा पाडून रंगवलेलं हाड असतं, ते लांबून हरणाच्या शिंगासारखं दिसावं म्हणून. ही नक्कल मला कधी पटली नाही. हाडानं शिंग का व्हावं?

हाड कापतानाचा वास ज्यानं दाताच्या डॉक्टरकडे दाढ कोरून घेतली आहे त्याला ओळखीचा वाटेल. जळकट, थोडा केस जळल्यासारखा. तो वास आला म्हणजे करवत जोरात चालली आहे, हाड तापतंय, थांबायचं. धूळ पिठासारखी बारीक आणि थेट छातीत बसणारी. म्हणून चांगला मास्क लावून, आणि घासकाम शक्य तेवढं पाण्याखाली. कानस, मग 220 चा पॉलिश पेपर, 400, 800, हजार. शेवटी ओल्या फडक्यावर खडूची पूड. हजारच्या कागदानंतर हाडाचा चेहरा दिसायला लागतो. लांबीच्या दिशेनं केसाएवढ्या तपकिरी रेघा, आणि काप घेतला त्या टोकाला त्याच रेघांचे ठिपके. जिवंतपणी रक्त वाहणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या या वाटा. हस्तिदंतात या नसतात, प्लास्टिकमधे तर नसतातच. काताचा रंग आधी याच वाटांनी आत शिरतो, त्यामुळे रंगवलेल्या हाडावर त्या जास्त उठून दिसतात.

हे असं चवीनं लिहिताना एक गोष्ट सारखी आड येते. हाडाला हात लावणं मी निवडलेलं आहे. ज्या कोकणात मी राहते तिथे काही पिढ्यांपूर्वी मेलेलं ढोर ओढणं, त्याचं कातडं, त्याचं मांस, त्याची हाडं हे गावानं काही माणसांवर लादलेलं काम होतं, आणि ते केलं म्हणून त्यांनाच शिवायचं नाही असा न्याय होता. महाडला 19 आणि 20 मार्च 1927 ला जी परिषद भरली, जिच्यातून लोक चवदार तळ्यावर गेले, त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस खाणं सोडा असं सांगितलं होतं. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणजे कोकणातलंच. माझ्या पडवीतल्या बादलीला लोक हसतात, नाक मुरडतात, आणि मग चहा पिऊन जातात. माझ्या घरचं पाणी कोणी टाळत नाही. कोणी ‘किती वेगळा छंद’ म्हणालं की मला बरं वाटत नाही ते यामुळे. आमच्या ओळखीतल्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांच्या आजोबांनी हे काम सोडलं होतं, सुरी हातात घेऊन उलटसुलट बघून म्हणाल्या, ‘‘काम चांगलंय. मला देऊ नकोस.’’ मी दिली नाही, आणि त्यावर आम्ही दोघी पुढे काही बोललो नाही.

बसवण्याचं काम लोहाराकडे. पातं त्यांचं, मूठ माझी. पहिल्यांदा त्यांनी हाड कानाजवळ नेऊन नखानं वाजवलं आणि विचारलं, ‘‘वैनी, रानातली लाकडां संपली काय?’’ त्यांच्या पद्धतीत शेपूट तापवून मुठीत घालतात, आत राळ आणि विटेची पूड. पोकळ हाडाला ही पद्धत तशी सोयीची, भोक आयतंच असतं. पण गरम पाण्यात धुतलं की राळ नरम पडते, आणि तापलेलं शेपूट हाडाला आतून करपवतं. त्यामुळे आमच्यात समझोता असा: पातं रुंद, मुठीच्या टोकापर्यंत सरळ आलेलं, दोन्ही बाजूंनी हाडाच्या पट्ट्या, मधे अराल्डाइट, आणि पितळेचे खिळे. पट्टीची आतली बाजू कानशीनं मुद्दाम खरबरीत करायची. भोक पाडताना ड्रिल थोडं चालवायचं, मागे घ्यायचं, पुन्हा चालवायचं. भोक खिळ्यापेक्षा किंचित मोठं, खिळा ठोकून बसवायचा नाही. लाकूड हातोडीचा मार सोसतं, हाड सोसत नाही. लोहारांना ही नाजूक कामं पसंत नाहीत, ते मान फिरवून बसतात. पण खिळ्यांची डोकी घासून सपाट झाली आणि पितळ हाडाशी एकसंध लागायला लागलं की अंगठा फिरवून बघायला तेच पहिले असतात. शेवटी कोमट करून मधाच्या पोळ्याचं मेण. खोबरेल कोणी सुचवलं तर हसू येतं. सबंध उन्हाळा चरबी काढण्यात घालवायचा आणि शेवटी बाटलीतून परत घालायची?

वापरायला मूठ कशी आहे? ओल्या हातात चांगली बसते, कारण कितीही गुळगुळीत केलं तरी हाड काचेसारखं गुळगुळीत होत नाही. जरा जड असते, सुरी हाताकडे झुकते, मला ते आवडतं. फुगणं-आकसणं लाकडापेक्षा पुष्कळ कमी. पण पाण्यात बुडवून ठेवायची नाही, गरम पाण्याच्या टोपात तर नाहीच. जुन्या विलायती सुऱ्यांच्या हाडी मुठी तडकल्या, सुटल्या, त्या गरम पाण्यात धुऊन धुऊन. आणि आमच्या स्वयंपाकघरात तिचा खरा वैरी पाऊस नव्हे, आंबट. शाळेत कोंबडीचं हाड व्हिनेगरमधे ठेवायचा प्रयोग असतो. काही दिवसांनी ते हाड वाकतं. आम्लात खनिज विरघळून जातं, चिवट कोलॅजन तेवढं उरतं. रस्स्यात होतं त्याच्या बरोबर उलट. आणि आमच्या फळीवर काय काय असतं? आमसुलं, लिंबू, चिंच, बिमली, कैरी. सोलांच्या आगळाचा, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाचा, हात तसाच मुठीला लागून रात्रभर राहिला तर सकाळी त्या जागेची चकाकी गेलेली असते, हात फिरवला की खरखरतं. पुन्हा हजारचा कागद, पुन्हा मेण. सासूबाईंनी सुरी काही दिवस वापरून निकाल दिला, ‘‘खोबऱ्याक आणि माशाक बरी. सोलांक नको.’’ मी पानभर लिहून जे सांगते ते त्यांनी वास्तविक तेवढ्यात सांगून टाकलं.

गेल्या चैत्रात शेजारच्या काकी आल्या. लोणच्याच्या कैऱ्या फोडायला आमची सुरी घेऊन बघितली, हातात बसली, आपल्यालाही एक हवी म्हणाल्या. त्यांच्याकडे मांसमच्छी चालत नाही. हाडाची आहे हे सांगणं भाग होतं. त्यांनी सुरी पाटावर ठेवली, झटकन नव्हे, पण ठेवली, आणि हात धुऊन आल्या. ‘‘मगे नको गो माका,’’ म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, ‘‘पण आकार असोच करूक येता काय?’’ तसंही कैरीसाठी हाड नकोच. लोहारांकडून तसंच पातं घेतलं आणि पेरूच्या लाकडाची मूठ करून दिली, खोबणीसकट. पेरूला खोबण नसते, ती मला कोरावी लागली.